बारा नंबरची थाळी

“मेलेल्याने लावलेलं कुलूप जिवंतांनी किती दिवस सांभाळायचं, बुवा?”

सारंग देवस्थळी तावातावाने विचारत होता. पुण्यातली कॉम्प्युटरची मोठी नोकरी सोडून तो सहा महिन्यांपूर्वी मठात आला. नोकरी सुटली, तोरा सुटला नव्हता.

वामनबुवा पोथीघराच्या उंबऱ्यावर बसून वहाणेचा अंगठा शिवत होते. मी बाजूला भाजी निवडत होतो. मठाचं स्वयंपाकघर माझ्याकडे आहे.

“काय झालं?” बुवा म्हणाले.

“पडदा सुरू होत नाही. म्हणे, शून्य क्रमांकाचा पडदा, म्हणजे हाच, आधीच चालू आहे. कुठे चालू आहे? ठार काळा आहे समोर!”

आमच्याकडे जुन्या पोथ्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर ठेवतात. ते पडद्यावर दाखवायला एक प्रोग्राम आहे. सुरू होताना तो एक इवलीशी फाइल ठेवतो, जागा अडवल्याची खूण म्हणून. नीट बंद केला, की जाताना आपली खूण आपणच उचलून नेतो. सारंग त्या फाइलला कुलूप म्हणायचा.

“काल बंद कुणी केला?”

“मीच.”

“नीट?”

नीट कसला! काल दुपारी धाकट्या भावाचा फोन आला होता. आईने कुणाकडे राहायचं यावरून दोघांची जुंपली. भाऊ बोलत असतानाच याने फोन कापला, आत आला आणि कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं, दिवा विझेपर्यंत. जाता जाता माझ्यावरही खेकसला. मी काय घोडं मारलं होतं त्याचं, देव जाणे.

“कुलपात काय आहे?” बुवांनी विचारलं.

“नंबर. ज्या प्रोग्रामने लावलं त्याचा. बाराशे सात.”

“मग?”

“कॉम्प्युटर म्हणतो, बाराशे सात अजून चालू आहे. काल मेलेला आज जिवंत! आता मीच त्याचा निकाल लावतो.”

“आधी त्याचं नाव विचार.”

“नाव कशाला, बुवा? आकडा तोच आहे.”

त्याने खटाखट बटणं दाबली. बाराशे सात बंद पडला. मग त्याने कुलपाची फाइलही उडवून टाकली. पडदा उजळला.

सारंग आमच्याकडे बघून हसला...

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून द्वारकाअक्का ओरडल्या.

अक्का सत्तरीच्या. त्यांच्या खोलीत त्याच कॉम्प्युटरला जोडलेला एक जुना पडदा आहे, नुसती अक्षरं दाखवणारा. वाळवी लागलेल्या पोथ्या फोटोपर्यंतही टिकत नाहीत. अशा पोथ्या अक्का वाचतात आणि तिथे बसून टाइप करतात. आज सकाळी कॉम्प्युटर त्यांनीच सुरू केला होता. तो नव्याने सुरू झाला, की आतल्या प्रोग्रामांना नंबरही नव्याने मिळतात. बाराशे सात आज अक्कांच्या वाट्याला आला होता.

अक्का दारात आल्या.

“गेलं रे माझं! सकाळपासूनचं सगळं गेलं!”

“मधेमधे सेव्ह करायचं ना,” सारंग म्हणाला.

अक्कांनी ओंजळ पुढे केली. ओंजळीत तपकिरी भुगा होता.

“ही दोन पानं उलटतानाच मोडली. या डोळ्यांनी कशीबशी एकदा वाचली होती. आता कुठून आणू? तीनशे वर्षं टिकली आणि तुझ्या हातून... मेल्या, हात झडले कसे नाहीत तुझे!”

“माझा काय दोष? कुलपात त्यांचाच नंबर होता!”

त्याच्या कानाखाली एक वाजवावी असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

बुवांनी दाभण खाली ठेवलं. चेहरा लालबुंद झाला होता. ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले...

आमच्या मठात थाळीवर नाव कोरत नाहीत, आकडा कोरतात. माणूस गेला, की त्याची थाळी तेरा दिवस पंगतीत पालथी ठेवतात. मग मागून येणाऱ्याला ती मिळते. सारंगची थाळी बारा नंबरची.

दुपारी पंगत बसली. सारंग आपल्या जागी आला. समोर थाळी पालथी होती.

मी भाकरी घेऊन त्याच्यापाशी पोचलो.

“बारा नंबरला वाढू नकोस,” बुवा म्हणाले. “बारा नंबर गेला.”

“गेला? मी इथे बसलोय!”

“बारा नंबर माघात गेला. मी स्वतः खांदा दिलाय.”

“ते यशवंतबाबा होते! थाळी तेव्हा त्यांची होती, आता माझी आहे. मी सारंग आहे, बुवा!”

“आकडा तोच आहे.”

पंगतीत कुणी घास उचलेना. माझ्या हातातली भाकरी निवत होती.

“ही असली थट्टा...” सारंग उठला. “भरल्या पंगतीत जिवंत माणसाला मेला म्हणता? सगळ्यांसमोर?”

बुवांनी जमिनीवर हात आपटला. वीस वर्षांत त्यांचा तसा आवाज मी ऐकला नव्हता.

“सकाळी अक्का काय मेल्या होत्या?”

पंगतीच्या टोकाला अक्का बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. भुग्याची पुरचुंडी मांडीवर होती आणि त्या एका हाताने जेवत होत्या.

सारंग खाली बसला. पालथ्या थाळीवरच्या आकड्याकडे बघत राहिला.

“मी अक्कांच्या पाया पडतो,” तो म्हणाला.

“थांब.”

“मग काय करू, बुवा?”

बुवांनी थाळी उलटून सरळ केली. माझ्या हातातली भाकरी घेतली आणि तिच्यावर ठेवली. राग अजून तसाच होता.

“जेव. मग अक्कांच्या पाया पडण्याआधी भावाला फोन लाव. काल अर्ध्यावर तोडलेलं बोलणं नीट बंद कर.”