चाकाची पाठ

"चाकाचं तोंड आपलं, पाठ गिऱ्हाइकाची. पाठ बघायची नाही."

"पण का, वस्ताद?"

"'का' विचारायचं नाही. तेही त्याच नियमात आलं."

उद्यमनगरातल्या दादू वस्तादांच्या गाळ्यात चारुता गाड्यांची काळवंडलेली अलॉय चाकं उजळायला शिकत होती. पदवी हाती पडताच घरच्यांनी स्थळं बघायला घेतली, तर हिने अंगावर एप्रन चढवला. वस्तादांनी तिला हाताखाली घेतलं ते या एकाच अटीवर.

एरवी ती भांडलीच असती. पण आज सवड कुणाला होती? आज पहिल्यांदा अख्खं चाक तिच्या एकटीच्या हाती आलं होतं!

चाक कसलं, जळका तवाच. ब्रेकची काळी पूड बसून बसून चिकट झालेली, वरचा पारदर्शक थर पापुद्र्यासारखा सुटलेला, त्याखाली पांढरट चट्टे. तिने थर खरवडून काढला. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घेऊन घासायला बसली. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. काळं पाणी ओघळलं, मग करडं, मग नितळ. बोटं सुजली तरी तिला पत्ता नव्हता.

आणि एकदम...

"वस्ताद! वस्ताद, बघा! आऱ्यात माझं नाक दिसतंय!"

"नाकावर भागवू नकोस. डोळे दिसेपर्यंत घास."

ती हसली आणि दुप्पट जोराने भिडली.

शेवटी तिने चाक कोरडं पुसलं. सगळं लख्ख. फक्त एका आऱ्याच्या मुळाशी केसाएवढी रेघ ओली राहिली. तिने पुसली. रेघ पुन्हा ओली.

"वस्ताद, इथून पाणी येतंय."

"पुसलं नसशील नीट."

"दोनदा पुसलं."

"मग चरा असेल. पुट्टी भर, चांदीचा रंग मार, वर लॅकरचा थर दे. विश्वासराव येतीलच आता."

विश्वासराव म्हणजे गाडीचे मालक. उद्या वैभववाडीला त्यांच्या मुलाचं लग्न. नवरदेवाला घेऊन ही गाडी याच चाकांवर गगनबावड्याचा घाट उतरणार होती.

चारुता त्या रेघेकडे बघत राहिली...

मग तिने चाक उलटं केलं.

"ए पोरी!"

ती थांबली नाही. आऱ्याच्या पाठीला तिने रॉकेलचा बोळा फिरवला. चाक पुन्हा सुलटं करून, टायरवर खुणा करायचा खडू त्याच आऱ्याच्या तोंडावर चोळला. आरा पांढराफटक झाला.

दोघं बघत उभे.

"झालं समाधान?" वस्ताद म्हणाले.

...

पांढऱ्यातून एक काळसर रेघ वर आली. हळूहळू लांबली, पार कडेपर्यंत गेली.

"सापडली!" चारुता ओरडली. आनंदाने दोन्ही हात वर गेले... आणि काय सापडलंय ते उमगताच खाली आले. "चरा एका बाजूला असतो, वस्ताद. हे पाठीचं रॉकेल तोंडावर आलंय. ही चीर आहे. आरपार."

"चीर मला ओळखता येते."

"मग?"

"मग काय! मागे एका गिऱ्हाइकाला अशीच दाखवली होती. म्हणाला, तुम्हीच फोडलंत. चार लोकांत नावाला बट्टा लागला. तेव्हापासून पाठ बघत नाही."

"म्हणजे दिसू नये म्हणून?"

"तोंड आवर."

तेवढ्यात विश्वासराव आले. हातात फेट्याचा डबा, गालावर हळदीचं पिवळं बोट.

"झाली का चाकं? उद्या व्याह्यांचे डोळे दिपले पाहिजेत हं वस्ताद!"

"काका, हे चाक लावू नका," चारुता म्हणाली. "चिरलंय. वळणावर दगा देईल."

विश्वासरावांचं हसू विरलं. "आणलं तेव्हा धडधाकट होतं."

वस्तादांनी चारुताकडे बघितलं. 'बघितलंस? हेच म्हणत होतो,' असं त्यांचे डोळे सांगत होते.

"स्टेपनी लावून देते मी. आत्ता."

"ती लोखंडी? तीन चांदीची आणि एक काळं? लोक म्हणतील, नवरदेव उसना आणलाय! वस्ताद, ह्या पोरीचं काय ऐकता? पुट्टी भरा आणि द्या. एका दिवसाचा तर प्रश्न."

फळीवरचा पुट्टीचा डबा काढून वस्तादांनी चारुतापुढे ठेवला.

"भर."

...

"नाही."

"काय म्हणालीस?"

"नाही भरणार. तुम्हालाही भरू देणार नाही. चाक मी फोडलं असं म्हणा, काका. गावभर सांगा, मांडवात माइक घेऊन सांगा! चालेल मला. पण ही चीर झाकून तुमच्या मुलाला घाटात सोडणार नाही."

तिने चाक जमिनीवर आडवं टाकलं आणि त्याच्यावर मांडी घालून बसली.

"ऊठ," विश्वासराव म्हणाले.

"नाही."

"वस्ताद, उठवा हिला!"

"ऊठ पोरी."

"नाही उठणार!"

विश्वासरावांनी फेट्याचा डबा या हातातून त्या हातात घेतला. वस्ताद पुट्टीच्या डब्याकडे बघत उभे.

...

शेवटी वस्तादांनी तो डबा उचलून परत फळीवर ठेवला आणि हात पुसले. कोपऱ्यातलं स्टूल ओढून विश्वासरावांपुढे ठेवलं.

"बसा साहेब. चहा सांगतो. ही काही उठायची नाही."