टिल्लूकाकांची जीभ

कॅनडातल्या विंडसरचे टिल्लूकाका वीस वर्षं सांगत होते, की बिअरमधलं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. नदीपलीकडे डेट्रॉइट, म्हणजे अमेरिका. "तिकडची बिअर म्हणजे गाळलेलं पाणी," ते म्हणायचे. आणि त्यांच्या लेकीने, मृण्मयीने नेमका डेट्रॉइटचाच निषाद पसंत केला.

निषाद पहिल्यांदा घरी आला, तेव्हा काकांनी आतून दोन ग्लास भरून आणले. "एक आपली कॅनडाची, एक तुमची. आपली ओळखलीस तर लग्न. नाहीतर पूल ओलांडून सरळ घरी."

मृण्मयीचा चेहरा पांढरा पडला. निषादने दोन्ही चाखल्या. त्याला काडीचा फरक कळला नाही.

"काका, जरा पाठ फिरवता?"

काकांनी पाठ फिरवली. निषादने ग्लास चार-पाच वेळा इकडचे तिकडे केले आणि एक पुढे सरकवला. "ही कॅनडाची. चुकलो असेन तर चाखून सांगा. तुम्हाला काय, एक घोट पुरे."

काकांनी एक घोट घेतला. मग दुसऱ्यातला. मग परत पहिल्यातला. दोन्ही ग्लास अर्धे झाले, कपाळावर घाम आला, तरी काकांचे घोट चालूच.

"अहो, सांगा की!" काकू ओरडल्या.

"बरोबर आहे," काका कसेबसे म्हणाले.

काकू धपकन खुर्चीत बसल्या. नवरा आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला बरोबर म्हणाला होता. "पोरा, ओळखलीस कशी रे?"

"मी कुठे ओळखली, काकू? सरकवता सरकवता मीही विसरलो. ओळखली काकांनी."

काकांनी बोलायला तोंड उघडलं. लग्नाची तारीख ठरली तरी ते उघडंच होतं.