उलट्या वळणाचे घर

एका खाडीच्या तोंडाशी, चिखल संपून वाळू सुरू होते तिथे, शंखात राहणारा एक खेकडा राहत असे. मुलांनो, शंख आपल्या पायांनी चालू लागलेला दिसला, तर समजा की आत हा बसला आहे. याच्या नांग्या टणक, पण पोट लोण्यासारखे मऊ आणि एका अंगाला वळलेले. ते झाकायला त्याला गोगलगाईने मागे सोडलेला रिकामा शंख लागतो. अंग वाढले की घर अपुरे पडते आणि नवे शोधावे लागते. आपल्या खेकड्याचे नेमके तसेच झाले होते. पूर्वी आत शिरून मोठी नांगी तोंडाशी आडवी धरली की घराचे दार बंद होई. आता नांगी अर्धी बाहेरच राहू लागली. पौर्णिमेला तीन दिवस उरले होते, आणि पौर्णिमेच्या उधाणात दार न लागणारा खेकडा टिकत नाही, हे खाडीत सगळ्यांना ठाऊक होते.

आता खाडीतल्या खेकड्यांची घर बदलण्याची एक जुनी रीत होती. एखादा मोठा रिकामा शंख वाहत आला, की सगळे त्याच्याभोवती जमत आणि मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावत. सर्वांत मोठा नव्या शंखात जाई, त्याच्या घरात दुसरा, दुसऱ्याच्या घरात तिसरा. घटकाभरात सगळ्यांना घर मिळे आणि कोणाला काही मोजावे लागत नसे. अट एकच. आधी नांगी आत घालून नव्या घराचे माप घ्यायचे, मगच जुने सोडायचे.

आपल्या खेकड्याला मात्र ही रीत पटत नव्हती. तो होता मोठा मानी. "दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेल्या घरात मी का म्हणून राहू?" तो म्हणे. "घर घ्यायचं तर आपलं स्वतःचं, आपल्या कमाईचं!" त्याने दगडाच्या कपारीत सुक्या कोळंबीचे सोळा तुकडे साठवून ठेवले होते. त्यांच्याकडे पाहिले की त्याची छाती फुगे, आणि मग शंख आणखीच घट्ट होई.

एका कावळ्याने हे ऐकले. कावळा खाडी, कातळ आणि पुळण या तिन्ही वाड्यांवर उडणारा, त्यामुळे कुठे काय चालले आहे ते त्याला तोंडपाठ. तो शेजारच्या खुंटावर येऊन बसला आणि म्हणाला, "खेकडेराव, तुमच्यासारख्यानं रांगेत उभं राहावं? शोभत नाही हो! खाडीत घर फुकट मिळतं, कारण खाडीला भावच नाही. पलीकडच्या कातळावर शंखाला दहा तुकडे पडतात. आणि समुद्राकाठच्या पुळणीवर? चाळीस!"

"चाळीस?" खेकड्याचे डोळे देठांवर ताठ उभे राहिले.

"म्हणजे बघा, तिथली घरं कशी असतील!"

खेकड्याने तेव्हाच ठरवले, घर पाहायचे तर सगळीकडचे पाहायचे. म्हातारा खेकडा त्याला वाटेत आडवा आला. सर्व खाडीत त्याचाच शंख मोठा, आणि तोही आता त्याला आखूड झालेला. "कुठं निघालास रे बाबा? उधाणाच्या आधी एखादा मोठा शंख येईल. रांगेला तू हवास."

"आजोबा, तुमची रांग तुम्हाला लखलाभ," खेकडा म्हणाला. "मी भाव काढायला चाललोय."

"जा बापडा. पण माप घेतल्याशिवाय घर सोडू नकोस, एवढं ध्यानात ठेव."

पहिल्या दिवशी खेकडा कातळावर पोहोचला. तिथल्या एका जाडजूड खेकड्याने त्याला विकाऊ शंख दाखवला. शंखाच्या भिंती बोटभर जाड, वर कालवे चिकटलेली. आपल्या खेकड्याने तो ओढून पाहिला, तर पायच लटपटले. "आमच्याकडे लाटा दगडावर आपटतात," कातळवाला म्हणाला. "इथं असलंच घर लागतं. तुझ्या चिखलात हे ओढत बसलास, तर चालायचंच विसरशील." खेकड्याने मान डोलावली, पण त्याच्या मनात चाळीसचा आकडा बसला होता. दहाचे घर आवडत नाही म्हणजे आपली आवडच उंची आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी तो पुळणीवर गेला. पांढरी स्वच्छ वाळू, मऊ ऊन, वर सुरूच्या झाडांची रांग. वाळूत बीळ करून राहणारी एक खेकडी दारात बसली होती. तिला त्याने विचारले, "ताई, इथं शंख एवढे महाग का हो?"

"शंख राहिलेत कुठं?" ती म्हणाली. "माणसं येतात, पिशव्या भरभरून घेऊन जातात. मागे जे उरतं त्याला भाव येतो. घर चांगलं म्हणून महाग नाही बाबा, घरंच नाहीत म्हणून महाग."

एवढे स्पष्ट सांगितल्यावर एखादा शहाणा परत फिरला असता. पण एकदा डोक्यात मोठेपणा शिरला, की कानात दुसरे काही शिरत नाही. तितक्यात कावळा आला आणि त्याने चोचीतला एक शंख अलगद वाळूवर ठेवला. काय सांगू मुलांनो, त्या शंखाचे रूप! गुलाबी ओठ, दुधासारखी पाठ, आणि पाठीवरचे वळण नेहमीच्या उलट दिशेला गेलेले.

"उलट्या वळणाचा आहे, खेकडेराव," कावळा हळू आवाजात म्हणाला. "लाखात एक! माणसं असला शंख देव्हाऱ्यात ठेवतात. भाव चाळीसच, पण तुमच्याकडे सोळा आहेत ना? उरलेल्या चोवीसच्या बदल्यात मी तुमचं जुनं घर धरतो. मात्र पुळणीचा नियम असा, की आधी जुनं घर रिकामं करून द्यायचं."

खेकड्याच्या डोळ्यांपुढे सगळी खाडी उभी राहिली. म्हातारा आजोबा, रांगेतले सोबती, सगळे आपला गुलाबी शंख तोंडात बोट घालून पाहत आहेत! खाडीत आजवर असे घर कोणी आणले होते? त्याने कपारीची जागा सांगितली. कावळ्याने चार फेऱ्यांत सोळाही तुकडे आणून पंखाखाली घातले. मग खेकडा आपल्या जुन्या शंखातून बाहेर सरकू लागला. पाय आले, पाठ आली, मऊ पोटाचा अर्धा भाग आला.

आणि इथे खाडीची सवय आडवी आली. लहानपणापासून जे अंगात मुरले, ते सहजी सुटते थोडेच! त्याची नांगी आपोआप नव्या शंखाच्या तोंडात गेली आणि माप घेऊ लागली.

"अहो, हे काय?" कावळा एक उडी पुढे आला. "एवढ्या महागाच्या घराचं कोणी माप घेतं का? किंमतच सांगते की घर कसं आहे!"

पण नांगी आत चाचपत राहिली. आतली वाट उलट्या अंगाला वळत होती. खेकड्याचे पोट वळलेले एकीकडे आणि घर वळलेले दुसरीकडे. जन्मभर प्रयत्न केला असता तरी तो त्यात वीतभर सोडा, तसूभरही शिरला नसता. त्याने नांगी काढली आणि वर पाहिले. कावळा शंखाकडे पाहतच नव्हता. तो पाहत होता उघड्या पडलेल्या मऊ पोटाकडे.

"देव्हाऱ्यात ठेवणं वेगळं आणि राहणं वेगळं, कावळेदादा!" असे ओरडून खेकडा सर्रकन मागे आपल्या जुन्या घरात शिरला. कावळ्याची चोच खाडकन शंखावर आपटली. दार लागत नव्हतेच. दुसऱ्या टोचीत नांगीचे टोक गेले. तिसरी टोच बसणार, एवढ्यात बिळातल्या खेकडीने कावळ्याच्या डोळ्यांत मूठभर वाळू उडवली, आणि आपल्या खेकड्याने लाटेत उडी घेतली. सोळा तुकडे गेले ते गेलेच.

पौर्णिमेच्या सकाळी तो कसाबसा खाडीत परतला. पाहतो तर चिखलात एक भला मोठा शंख येऊन पडलेला आणि त्याच्यामागे सगळ्यांची रांग लागलेली. पण कोणीच हलत नव्हते. खेकड्याला वाटले, आता आपली थट्टा होणार. शरमेने तो रांगेच्या मागे, अगदी टोकाला जाऊन उभा राहिला.

"तिथं काय करतोस?" म्हातारा पुढून ओरडला. "इकडे मध्ये ये! कालपासून खोळंबलोय आम्ही. माझ्या मागच्याचं घर रांगेतल्या या लहानखुऱ्या खेकडीला फार मोठं पडतं, मग आपलं घर सोडून ती जाणार कुठं? मधल्या मापाचा एकटा तूच आहेस. तू नाहीस तर रांग तुटते, लेका!"

खेकडा गुपचूप मधल्या जागेवर गेला. म्हाताऱ्याने नव्या शंखाचे माप घेतले आणि तो आत गेला. मागचा त्याच्या घरात गेला. मग आपल्या खेकड्याची पाळी आली. समोरचा शंख मळका होता, त्याच्या ओठाला एक कपचा उडालेला होता. त्याने नांगी आत घातली. वाट आपल्याच अंगाला वळत होती, भिंत ना फार जाड ना फार पातळ. तो एका दमात आत शिरला. त्याच्या मागच्या लहानखुऱ्या खेकडीने त्याच्या जुन्या घराचे माप घेतले आणि आतूनच ती आनंदाने म्हणाली, "अगंबाई, किती स्वच्छ ठेवलंय हो घर! एक वाळूचा कण नाही!"

हे ऐकून खेकड्याला जो अभिमान वाटला, तो सोळा तुकड्यांकडे पाहून कधी वाटला नव्हता. आपण राहिलेल्या घरात दुसरे कोणी आनंदाने शिरते, याच्याइतकी मोठी कमाई नाही, असे त्याला मनापासून वाटले. त्या दिवशी उधाण आले, खाडी काठोकाठ भरली, आणि रांगेतल्या एकालाही धक्का लागला नाही.

पाणी ओसरल्यावर कावळा पुन्हा त्या खुंटावर येऊन बसला. "वा, खेकडेराव! नवं घर दिसतंय," तो म्हणाला. "केवढ्याला पडलं?"

"भाव नाही सांगता येत," खेकडा ताठ मानेने म्हणाला. "पण दार लागतं." आणि कावळ्याच्या देखत त्याने मोडक्या टोकाची ती नांगी आडवी धरून दार घट्ट लावून घेतले.

तात्पर्य : घराचा भाव गाव ठरवते, पण आपण त्यात मावतो की नाही, याचे माप आपले आपणच घ्यावे.