झुलेखाबीची कबर

"मग ही कोणाची?"

कबरस्तानची राखण करणारा फकीर मस्तानशाह गवत उपटत राहिला. "झुलेखाबीची. स्टँडवर भजी विकायची."

मुनीरच्या हातातला पाण्याचा डबा खाली आदळला.

तीस दिवस! मिरजेच्या या जुन्या कबरस्तानात तीस दिवस तो पाणी आणत होता, सब्जाची रोपं लावत होता, ढसाढसा रडत होता... आणि आज सांगलीहून आलेला मामू कबरीपाशी थबकून म्हणाला, "अरे, शफीकला आपण इथं कुठं ठेवलंय?"

थोरला भाऊ गेला तेव्हा मुनीर ट्रक घेऊन चित्रदुर्गला होता. माती द्यायलाही पोहोचला नाही. दुसऱ्या दिवशी धावत आला, दोन ताजे ढिगारे दिसले, पहिल्यावरच कोसळला.

"बाबा, मला रोज बघत होतात ना?"

"बघत होतो."

"मग मूग गिळून का बसलात?"

"पहिल्याच दिवशी विचारलं, बेटा, तुझं कोण गेलं? तू म्हणालास, म्हाताऱ्या, आपलं काम बघ. मग बघत बसलो."





"अहो, दुःखात माणूस बोलतो काहीबाही! पुन्हा विचारायचं!"

"पुन्हा विचारलं, तर डबा उगारलास."

मुनीरनं कपाळावर हात मारून घेतला. "बाप नव्हता आम्हाला. भावानं वाढवलं मला. आणि मी भजीवालीसाठी रडलो! तो तिकडं कोरडा पडला असेल..."

फकिरानं नुसतं बोट दाखवलं.

चिंचेखाली दुसरी कबर होती. वीतभर सब्जा डुलत होता. माती ओली होती.

मुनीर तिथं गेला, गुडघ्यांवर बसला. तीन मुठी माती वाहिली. महिनाभर उशिरा...

बराच वेळ तो उठला नाही. उठला तो पुन्हा भडकूनच.

"इथं पाणी कोण घालतं?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"का पण? शफीक तुमचा कोण लागत होता?"

फकिरानं पडलेला डबा उचलला, त्यातली माती झटकली आणि तो मुनीरच्या हातात दिला.

"कोणीच नाही. म्हणून तर कबर चुकली नाही."