धुनीकडे पाठ

"मोठी भरलेली हाय म्हनतोस, मग गाडी उठत का न्हाई?"

केवलनाथबाबांनी डोळे मिटूनच विचारलं. ते नेहमीसारखे धुनीकडे पाठ करून बसले होते. समोर परीक्षित सबनीस उभा होता, घामाघूम, हातात फोन. मठाच्या फाटकाबाहेर त्याची विजेवरची मोटार होती. तिला ना दिवा, ना आवाज.

"बाबा, हिच्यात दोन बॅटऱ्या असतात. मोठी चाकं फिरवते. ती भरलेली आहे, थेट पुण्यापर्यंत नेईल. पण एक छोटी असते. दारं उघडणं, दिवे लावणं, गाडीला जागं करणं, सगळं तिच्याकडे. ती उतरली की मोठी असून नसल्यासारखी."

"म्हंजे कोठार भरल्यालं आन् किल्ली हरवली."

"तसंच..."

एरवी हेच परीक्षितने केवढ्या तोऱ्यात सांगितलं असतं! असल्या गाड्यांना अपडेट पाठवणं हेच तर त्याचं काम. पुण्यात गार खोलीत बसून तो बटण दाबणार आणि कुठल्या कुठल्या गावांतल्या गाड्या सकाळी शहाण्या होऊन उठणार. जे बिघडलं ते दुरून दुरुस्त करता येतं, ही त्याची श्रद्धा. देवावर नव्हती, यावर होती.

मग ओवी गेली.

त्याची सहा वर्षांची पोर चार दिवसांच्या तापाने गेली आणि तिची आई, मृण्मयी, हळूहळू बोलायची थांबली. वर्ष होत आलं. परीक्षित हात टेकणाऱ्यांतला नव्हता. डॉक्टर झाले, फोनवरचं ध्यान झालं, केरळचं तेल झालं. नवं काही कानावर आलं की ते घरात आलंच. मधल्या वेळात ऑफिसातून फोन. जेवलीस का? झोपलीस का? आज कसं वाटतंय? काही नाही तर नुसतं हूं म्हण.

आधी ती हूं म्हणायची. मग तेही बंद झालं.

शेवटी कुणी सुचवलं म्हणून तो तिला या डोंगरावरच्या नाथांच्या मठात घेऊन आला. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय!

इथली धुनी पिढ्यान् पिढ्या विझलेली नाही म्हणतात. खरं-खोटं नाथ जाणे. बघणाऱ्याला दिसते ती नुसती राख. निखारा आत, खोल. आणि इथला रिवाज असा, की राखणाऱ्याने धुनीकडे पाठ करून बसायचं. पाठीला ऊब लागली की धुनी आहे. राख उकरून बघायची नाही.

पहिल्याच दिवशी परीक्षितला याचं हसू आलं होतं. तो म्हणाला होता, "बाबा, एक यंत्र लावून देतो. आत किती उष्णता आहे ते फोनवर दिसेल. कुणालाही, कुठूनही."

"आन् मग हितं कोन बसंल?" बाबांनी विचारलं होतं.

 प्रश्नच अडाणी आहे, असं परीक्षितला वाटलं होतं.

"छोटी उतरली कशी?" आता बाबांनी विचारलं.

"गाडीतच खोट आहे. उभ्या गाडीत मोठीने छोटीला थोडं थोडं पाजत राहायचं असतं. ते नीट होत नाही. त्यावर मीच अपडेट तयार केलं. इथे आल्यावर लगेच पाठवलं. पण..." तो अडखळला. "गाडीने घेतलं नाही. छोटीत पुरेसा जीव नाही, म्हणाली."

"म्हंजे औशीद गिळायला बी अंगात जीव लागतो."

"हो."

"मग काय केलंस?"

"बघत राहिलो. जरा चढली का, आता घेईल का. इथूनच, फोनवरून."

"बघितल्यावर काय व्हतं?"

"गाडी जागी होते. उत्तर देते. पुन्हा झोपते."

"आन् जागं व्हायला कोन लागतं?"

"छोटीच ला..."

वाक्य अर्ध्यातच राहिलं. आपल्याच तोंडचे शब्द कानावर पडावेत आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हावं, तसं त्याचं झालं.



बाहेर दगडी पायरीवर मृण्मयी बसली होती. मांडीवर कापडी पिशवी. परीक्षितने तिच्याकडे पाहिलं.

"बाबा, आज सकाळी ती बोलली."

बाबांनी डोळे उघडले.

"स्वतः उठली, पिशवी भरली, गाडीपाशी गेली. म्हणाली, घरी जाऊ या. वर्षभरात पहिल्यांदा, बाबा! मी धावलो. दार उघडायला गेलो तर दारात दडलेली मूठ बाहेरच येईना. बघतो तो गाडी मेलेली."

"ते ऱ्हाऊ दे. ती बोलली तवा तू काय केलंस?"

परीक्षितने मान खाली घातली.

"सांग."

"म्हटलं, पुन्हा बोल. ती गप्प राहिली. मी फोन पुढे धरला. म्हटलं, तुझ्या आईंना ऐकवू, एकदाच म्हण, घरी जाऊ या म्हण... किती वेळा म्हटलं, कुणास ठाऊक."

"मग?"

"मग ती जाऊन पायरीवर बसली."

एक कुत्रं अंगणातून आडवं गेलं. गाडीच्या सावलीत जाऊन आडवं झालं.

"दुपारी दुधाचा टेम्पो वर येतो," बाबा म्हणाले. "त्याच्याकडं वायरी असत्यात. त्याच्या बॅटरीवरनं लावंल. उठंल तुझी गाडी."

"आणि ती?"

बाबांनी पायरीकडे पाहिलं.

"बाबा, ती उठेल ना?"

"मला न्हाई ठावं."

परीक्षितला वाटलं होतं, बाबा काहीतरी सांगतील. अंगारा देतील, मंत्र देतील, निदान खोटा धीर तरी. इतकं सरळ उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. वर्षभर न रडलेला माणूस मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला. ओवीसाठी रडला, की आपण केलेल्यासाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

रडणं ओसरलं तशी त्याची नजर धुनीवर गेली. पांढरी, मुकी राख. त्याने बाजूचा चिमटा उचलला आणि राखेत घालायला वाकला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याची पकड लोखंडी होती.

"आत काही जिवंत आहे का, एवढं तरी बघू द्या!" तो ओरडला. "एकदाच!"

"समदे एकदाच म्हनत्यात."

बाबांनी चिमटा काढून घेतला. मग ते सरकले. आपल्या शेजारच्या घोंगडीवर हात आपटला.

"बस. पाठ कर तिकडं."

तो बसला. खिशातला फोन थरथरला. त्याने सवयीने हात नेला आणि मागे घेतला.

काही नाही. पाठीला नुसता वारा. विझलीच असणार, त्याला वाटलं. म्हातारा विझलेल्या राखेची राखण करत बसलाय. वळून बघावं म्हणून मान शिवशिवू लागली. तो दात आवळून बसून राहिला...

बऱ्याच वेळाने कण्याच्या खालच्या अंगाला काहीतरी लागलं. असेल-नसेल इतकं. झोपलेल्या लेकराच्या श्वासासारखं.

त्याने श्वास रोखला. ऊब होती.

पायरीवर मृण्मयी तशीच बसून होती. त्यांच्याकडे पाठ, डोंगराकडे तोंड.

"तिच्यापाशीही असंच बसू?" त्याने हळूच विचारलं. "काही न विचारता? पाठीला पाठ लावून?"

बाबांनी मान डोलावली.

परीक्षित उठला. दोन पावलं गेला आणि उंबऱ्यातच थांबला. मागे वळला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता.

"आणि बाबा... ऊब लागलीच नाही तर?"

बाबांनी शेजारची मोकळी घोंगडी सारखी केली.

"मग वरीसभर तिलाबी तुझी ऊब लागली नव्हती, एवढं तरी तुला कळंल."