कवतिकेची बरड

वऱ्हाडातल्या आंबुलखेडला खंडोबाच्या देवळामागे एक टेकडी आहे. गावातले लोक तिला कवतिकेची बरड म्हणतात. बरड म्हणजे जिथे काही उगवत नाही अशी मुरमाड जमीन. पण मार्गशीर्ष लागला की या बरडीवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत रानओवा माजलेला असतो. माणूस नुसता चालत गेला तरी घरी पोचेपर्यंत त्याच्या कपड्यांना वास येतो.

चंपाषष्ठीला भरीत-रोडगा खायला पाहुणे येतात, आणि त्यांच्यातला एखादा हमखास ओवा खुडायला वाकतो. तेव्हा कोणीतरी म्हातारी लांबूनच ओरडते, "आपल्या हातानं नका खुडू, बाप्पा! मांगा, देतो." या गावात कोणतीही बाई स्वतःच्या घरासाठी ओवा खुडत नाही. दुसरीने खुडून तिच्या ओंजळीत घालायचा, तेव्हाच तो रोडग्यात पडायचा. घालताना देणारी तोंड फिरवून एक वाक्य म्हणते. ते ऐकून पाहुणे चमकतात, कारण त्यात देवाधर्माचे काही नसते. याचे कारण विचारले की त्यांना देवळाच्या पायरीवर बसवून ही गोष्ट सांगतात. सांगणारा बहुतेक गुरवाच्या घरचाच म्हातारा असतो, म्हणून गोष्टीतला गुरव जरा जास्तच शहाणा निघतो. तेवढे पाहुण्यांनी सोडून द्यावे.

फार पूर्वी या गावात कवतिका नावाची एक बाई होती, असे सांगतात. तिच्यासारखा रोडगा पंचक्रोशीत कोणाला जमत नसे. जाडसर कणीक, तेलाचे मोहन, आत एक गोळा, त्याला तेल माखून वर दुसरी पारी, तिच्यावर तिसरी, आणि मग गोवऱ्यांच्या आरात पुरून भाजायचा. हे तर सगळ्याच बायका करीत. पण कवतिकेचा रोडगा फोडला की वाफेबरोबर असा काही वास सुटे की ओळीत बसलेली माणसे बोलायची थांबत. चंपाषष्ठीला देवापुढे पहिला फोडला जायचा मान तिच्या रोडग्याचा होता. तिच्या आधी तो तिच्या सासूचा होता.

त्या वासाचे मर्म होते रानओव्यात. त्या काळी सगळ्या बरडीवर कुसळ आणि बोरी यांखेरीज काही नव्हते, आणि ओवा फक्त माथ्यावरच्या एका कपारीत, सुपाएवढ्या जागेत उगवे. सासूने मरताना ती जागा सुनेला सांगितली आणि बजावले, "हे कोनाले सांगजो नको. अन् बियाले ठेवत जाय." कवतिकेने पहिले वाक्य काळजावर कोरून घेतले. दुसरे ती सवयीने पाळत असे.

कोणी कृती विचारली तर ती नाही म्हणत नसे. हसून सांगे, सविस्तर सांगे, फक्त एक जिन्नस गिळून टाकी. बायका घरी जाऊन सांगितल्याप्रमाणे करीत, आणि रोडगा काही तसा होत नसे. मग कवतिका हळहळून म्हणे, "हाताचा गुन असते बाई!" आजही गावात कोणी अर्धवट माहिती दिली की म्हणतात, ही कवतिकेची कृती दिसते.

असे बरेच दिवस छान चालले होते. मग शेजारच्या घरात, तिच्या चुलतदिराची बायको म्हणून, पंचफुला नांदायला आली.

पंचफुला स्वयंपाकात हुशार होती, आणि तिच्या पोटात काही राहत नसे. पाणवठ्यावर घागर बुडवता बुडवता ती सांगून टाकी की वांग्याला तेल चोळून चार टोचे मारले तर भरीत कडू होत नाही, बन्सी गहू मंगळवारच्या बाजारात घ्यावा, कुरडईचा चीक कितीदा निवळावा. नवी काही युक्ती सापडली की संध्याकाळच्या आत ती गावभर झालेली असे. आणि बायकाही बदल्यात आपापल्या माहेरच्या कृती तिला आणून देत. तिच्या ओसरीवर दुपारी पाय ठेवायला जागा नसे.

मधल्या कुडापलीकडे कवतिका एकटी डाळ निवडीत बसे आणि ते हसणे ऐके. तिला पंचफुलेचा हेवा वाटत होता. आधी तिने स्वतःला सांगितले की तो हेवा नाही, ती सून उथळ आहे म्हणून राग येतो. पण पंचफुलेच्या फोडणीचा वास कुडावरून आला की हिची भूक मरे, आणि नवरा जेवताना "शेजारी काय केलं वाटते आज?" असे सहज म्हणाला तरी हिच्या अंगाचा तिळपापड होई. एकदा पंचफुलेने वाटीभर चिकाची खीर पाठवली. कवतिकेने चव घेतली. खीर फार चांगली झाली होती. तिने ती म्हशीला घातली आणि वाटी घासूनपुसून परत केली.

तरी तिला एक आधार होता. पहिला रोडगा आपला आहे, आणि कपारीची जागा कोणाला ठाऊक नाही.

मग एका चंपाषष्ठीला पंचफुलेने आरातून रोडगा काढला, राख झटकली, फोडला, आणि तोच वास सुटला.

कवतिकेला तो ओळखायला क्षणही लागला नाही. गुरवाने दोन्ही घरचे रोडगे चाखले, डोळे मिटले आणि म्हणाला, "औंदा मान ठरल्यापरमानं. पुढच्या साली दोन्ही घरचे फोडून पाहू, अन् मंगच ठरवू." गुरव असे म्हणाला नसता तर पुढचे काही घडले नसते असे बायका म्हणतात. गुरवाच्या घरचे हे सांगत नाहीत.

ते वर्ष कवतिकेने कसे काढले ते तिचे तिला ठाऊक. मान जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. जी बाई कुरडईचा चीकसुद्धा लपवीत नाही, ती ओव्याची जागा काय लपवणार? पाणवठ्यावर पंचफुला कोणाशी हळू बोलताना दिसली की हिला वाटे, आता सांगितले असेल. सासूने दिलेली एवढीशी गोष्ट उद्या प्रत्येक चुलीवर जाणार, आणि मग आपल्याकडे कशाला कोण येईल? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ उघडणार होती.

शेवटी षष्ठीच्या दिवशी, तांबडे फुटायच्या आत, ती एकटी बरडीवर गेली. कपारीशी वाकली आणि नेहमीसारखा चिमूटभर न घेता सगळे झाड न् झाड मुळासकट उपटले. बियाला काही ठेवले नाही. आपल्याला पुढच्या वर्षी मिळाला नाही तरी चालेल, पण तिला मिळू नये, असे ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली म्हणे. तिने तुरे हातावर चोळून दाणे काढले, काड्या दरीत भिरकावल्या आणि सगळा ओवा पदरात गच्च बांधला.

ती निघणार एवढ्यात खालून बांगड्यांचा आवाज आला. पंचफुला टोपली घेऊन वर येत होती. आरासाठी रानशेण्या वेचीत ती कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. चोराच्या मनात चांदणे. कवतिका बोरीच्या जाळीआड सरकली. पंचफुला त्या अंगाला आली तशी ही दुसऱ्या अंगाला गेली. ती वर चढली तशी ही खाली वाकून धावली. त्या सकाळी कवतिका सगळी बरड पालथी घालून, लपत, काट्यांतून, खाली उतरली. कुठल्याशा बोरीचा काटा पदराला लागला आणि पदर फाटला. हे तिला कळलेही नाही. गुरवाच्या घरचे म्हणतात, तो काटा खंडोबाने लावला. बायका म्हणतात, बोरीला पदर फाडायला देवाचा हुकूम लागत नाही.

घरी येऊन तिने गाठ सोडली. आत थोडा भुसा होता, आणि बाकी भोक.

ती भिंतीला टेकून खाली बसली. कणीक भिजवायची वेळ झाली होती. जुना ओवा ती कधी ठेवीत नसे, ताज्या वासावरच तिचा मान होता. आज देवापुढे तिचा रोडगा नुसत्या कणकेचा असणार होता, आणि शेजारणीच्या रोडग्याशी ताडून पाहिला जाणार होता.

तेवढ्यात दारात पंचफुला उभी राहिली. हातात एक लहान गाडगे होते.

"जाऊबाई, कपारीतला ओवा कोनं तरी पार उपटून नेला. तुमच्या घरी नसंन म्हणून आनला. मांगच्या सालचा हाये, पन वास हाये अजून. अर्धा तुमाले, अर्धा मले."

कवतिकेच्या केसांत ओव्याच्या काड्या होत्या. पदर फाटलेला समोरच पडला होता. पंचफुलेने ते पाहिले, आणि पाहिले हे कवतिकेलाही दिसले.

"जागा तुले कोनं सांगितली?" कवतिकेने विचारले.

"कोनं नाई. गाय शोधाले गेली होती, वासावरून गवसली."

"मंग गावभर सांगितलं असशीन."

"नाई बा! तुमच्या रोडग्याले तोच वास. तवाच समजलं का हे तुमचं हाये. माह्यं असतं तर सांगितलं असतं."

"अन् खुडला कावून?"

पंचफुलेने मान खाली घातली. "मन आवरलं नाई, जाऊबाई. पन चिमूटभरच घेतला. बियाले ठेवला."

ती भांडली असती तर कवतिकेला बरे वाटले असते. गावभर बोंब मारली असती तरी चालले असते. ही बाई सगळे सांगत होती आणि नेमके हेच एक तिने राखले होते, तेही दुसरीसाठी. त्या घटकेला कवतिकेला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता, असे सांगतात. पण वेळ जात होती. तिने ओंजळ पुढे केली.

दुपारी देवळापुढे येळकोट झाला. दोन्ही घरचे रोडगे गुरवापुढे आले. गुरवाने आधी कवतिकेचा उचलला, कारण हाताला सवय होती. सगळा गाव पाहत होता. तो आता फोडणार, तोच कवतिका पुढे झाली आणि तिने त्याचे मनगट धरले.

"आधी तिचा फोडा."

"कावून वं?"

कवतिकेचा चेहरा रागाने लाल झाला होता, पश्चात्तापाने नव्हे. याबद्दल सगळ्यांचे एकमत आहे. "माह्या रोडग्यातला ओवा बी तिचाच हाये," ती म्हणाली. "मनातून नाई सांगत. पन तिचा फोडा."

आणि तोंड फिरवून ती घरी गेली. तिच्या सासूपासून चालत आलेला मान त्या दिवशी तिच्याच तोंडून गेला.

पुढच्या पावसाळ्यानंतर बरडीचा रंग बदलला. आधी कोणाला कळेना. मार्गशीर्षात वारा सुटला आणि वास गावात आला, तेव्हा बायका टोपल्या घेऊन धावल्या. पायथ्यापासून माथ्यापर्यंत ओवा उगवला होता. जिथे जिथे कवतिका पंचफुलेला चुकवीत पळाली होती तिथे तिथे तो होता, आणि ती तर बरडभर पळाली होती. ज्या बाईला तो मिळू नये म्हणून सगळा उपटला, तिच्याचमुळे तो गावभर झाला.

कवतिकाही आली. इतक्या ओव्यात ती नुसती उभी राहिली. कुठली रेघ कुठल्या बोरीपासून वळली आहे हे तिच्याएवढे कोणालाच दिसत नव्हते. मग तिने वाकून मूठभर तुरे खुडले, ते आपल्या ओटीत न घालता पंचफुलेसमोर गेली, आणि तोंड फिरवून म्हणाली,

"मनातून नाई देत. पन घे."

पंचफुलेने ओंजळ धरली. "मन राहू द्या, जाऊबाई. ओवा द्या."

आणि तिने लगेच खाली वाकून तेवढाच ओवा खुडून कवतिकेच्या हातात दिला. त्यानंतर कवतिकेने जन्मात स्वतःच्या हाताने स्वतःसाठी ओवा खुडला नाही. तिचा हेवा गेला का, असे पाहुणे विचारतात. नाही गेला. म्हातारी झाली तरी शेजारच्या फोडणीचा वास आला की ती नाक मुरडीत असे. फक्त दर षष्ठीला पहिली मूठ न चुकता पंचफुलेला देत असे, त्याच शब्दांनी, आणि म्हणून तर गुरवाने बरडीला नाव तिचे दिले, पंचफुलेचे नाही.

आजही चंपाषष्ठीच्या सकाळी आंबुलखेडच्या बायका जोडीजोडीने बरडीवर चढतात. ज्या दोघींचे वर्षभर पटलेले नसते त्यांनाच मुद्दाम जोडीला लावतात. एक खुडते, दुसरी ओंजळ धरते. खुडणारी तोंड फिरवून म्हणते, "मनातून नाई देत, पन घे." काही जणी ते हसत म्हणतात. काही जणी मात्र अगदी खरे म्हणतात, आणि त्यांच्याच मुठी जास्त भरलेल्या असतात.