बोळक्या तोंडाचे दातवण

पूर्वी चंपा नगरीत जयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका सार्थवाहाच्या घरी जन्मास आला होता. सार्थवाह म्हणजे मालाच्या गाड्यांचा तांडा घेऊन देशोदेशी फिरणारा व्यापारी. बापाचे नाव सोमिल. घरच्या पाचशे गाड्या होत्या. जुन्या गोष्टींतल्या सार्थवाहांकडे त्याहून कमी गाड्या नसतातच. सोमिल थकला तसा तांडा बोधिसत्त्वाच्या हाती आला, आणि घर त्याची बायको यूथिका हिच्या हाती.

यूथिका लहानपणीच पोरकी झालेली. लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याने तिला दागिने दाखवले नाहीत, की घराण्याचा मोठेपणा सांगितला नाही. त्याने तिला दातवणाची काडी निवडायला शिकवले. कडुनिंबाची कोवळी, करंगळीएवढी जाड, सरळ, गाठ नसलेली. संध्याकाळी तोडून ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि रांजणाच्या गारव्याला ठेवायची, म्हणजे ती वाळत नाही. सकाळी टोक चावून कुंचला करायचा, दात घासून झाले की तीच काडी मधोमध चिरून जीभ खरवडायची, आणि मग धुऊन बाजूला टाकायची. उष्टी काडी कोणाच्या पायाखाली येता कामा नये. रानावनात मुक्काम पडला तरी सोमिलाने हा नेम कधी मोडला नव्हता. त्याच्याजवळ बसून काड्या निवडता निवडताच यूथिकेला बाप मिळाला.

त्या घराची एक रीत होती. पहाटे विहिरीजवळच्या दगडावर प्रत्येकाचा पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा आणि त्यावर त्याची काडी आडवी मांडायची. सासू वारली, त्या दिवसापासून तिची काडी मांडणे बंद झाले. हे सगळे यूथिकाच करीत असे.

पुढे सोमिलाची शेवटची दाढ पडली आणि तोंडाचे पार बोळके झाले. यूथिकेला वाटले, आता यांच्यापुढे काडी ठेवणे म्हणजे चेष्टाच. मामंजींना ओशाळे वाटू नये म्हणून तिने मोठ्या मायेने नुसता तांब्या भरून ठेवला. सोमिल आला, दगडाकडे पाहत थोडा वेळ उभा राहिला, चूळ भरली आणि आत गेला. ज्याने जन्मभर पाचशे गाड्यांच्या गाडीवानांना दरडावले, त्याला स्वतःसाठी एक काडी मागता आली नाही. माणसाचे असेच असते.

त्यानंतर तो खंगत चालला. आधी बैलांची चौकशी बंद झाली, मग अंगणात येणे, मग जेवण. यूथिका मऊ भात कालवून पुढे बसे, तर तो मान फिरवी. वैद्याने नाडी पाहिली आणि वय झाले म्हणून सांगितले. म्हाताऱ्याचे आता काही खरे नाही, असे शेजारीपाजारी बोलू लागले. यूथिका रांजणाआड जाऊन रडे. उशिरा मिळालेला बाप तिला असा हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

नेमका तेव्हाच तांडा निघायचा मुहूर्त आला. दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या गाड्याही जुंपून तयार होत्या, आणि जो आधी पोचेल त्याचाच माल खपणार हे उघड होते. भागीदार बोधिसत्त्वाच्या मागे लागले. वैद्याला जमले नाही ते तू घरी बसून काय करणार, असे त्यांनी विचारले, आणि त्यांचे काही चुकत नव्हते. काय करणार ते मलाही ठाऊक नाही, पण मी येत नाही, असे बोधिसत्त्वाने सांगितले. तांड्याचे म्होरकेपण आणि त्याबरोबरचा नफा त्याने भागीदारांना देऊन टाकला. गाड्यांची धूळ खाली बसली तेव्हा तो बापाच्या खाटेजवळ बसलेला होता.

त्याने बापाला खोदून काही विचारले नाही. सांगता आले असते तर म्हाताऱ्याने एव्हाना सांगितले असते. तो नुसता त्याच्यासोबत राहू लागला. उजाडले की आधार देऊन त्याला विहिरीवर नेई आणि शेजारी बसे. अशाच एका सकाळी बोधिसत्त्वाने आपल्या तांब्यावरची काडी उचलली, तेव्हा बापाची नजर काडीबरोबर वर गेली आणि मग हळूच स्वतःच्या तांब्यावर आली. तिथे काही नव्हते. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. बोधिसत्त्वाच्या हातातली काडी हातातच राहिली.

घरात येऊन त्याने बायकोला विचारले, "बाबांची काडी कधीपासून ठेवत नाहीस?"

"दाढ पडली तेव्हापासून," यूथिका म्हणाली. "दात नाहीत, काडी बघून त्यांना वाईट वाटेल, म्हणून मीच…" आणि तिथेच तिला सासूची काडी आठवली. "जिवंत माणसाला मी पंगतीतून उठवलं हो," ती म्हणाली.

बोधिसत्त्वाने तिला बोल लावला नाही. "तू मायेनंच केलंस. त्यांना विचारायचं तेवढं राहून गेलं. काडी दातांसाठी असते खरी, पण सकाळी ती पुढ्यात दिसली की माणसाला वाटतं, आजचा दिवस आपलाही आहे."

त्या संध्याकाळी यूथिकेने सगळ्यांत कोवळी काडी निवडून कोमट पाण्यात भिजत घातली. तिचे टोक दगडावर हलक्या हाताने कुटले, टोचणारे धागे एकेक करून काढले, पुन्हा कुटले, आणि तो कुंचला आपल्या गालावर फिरवून पाहिला. कापसासारखा लागेपर्यंत तिचे समाधान झाले नाही.

पहाटे बोधिसत्त्वाचा हात धरून सोमिल दगडाशी आला आणि पाहतच राहिला. मग बसला. काडी उचलून हिरड्यांवरून फिरवू लागला, आधी भीत भीत, मग जन्माच्या सवयीने. कडू रस हनुवटीवर ओघळला आणि त्यात डोळ्यांतले पाणी मिसळले. यूथिका दाराआडून पाहत होती. बऱ्याच वेळाने त्याने तिला हाक मारली.

"सूनबाई, काडी जरा जास्तच कुटलीस. एवढा काही मी गेलो नाही अजून."

यूथिकेला हसू आणि रडू एकदमच आले. उद्या कमी कुटीन, असे तिने कसेबसे सांगितले. मग म्हाताऱ्याने पेज मागितली, आणि ती पिता पिता, गाड्या गेल्या तर तू घरी काय करतोस म्हणून पोराला चांगले फैलावर घेतले. त्या वर्षीचा नफा दुसऱ्यांच्या घरी गेला. बापाची बोलणी मात्र बोधिसत्त्वाच्या वाट्याला आली, आणि तो सुखावला.

ही कथा शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, एका सायंकाळी जेतवन विहारात सांगितली. तिथल्या एका वृद्ध भिक्षूचे सगळे दात पडले, म्हणून त्याच्या शिष्याने त्याला सकाळचे दातवण देणे सोडले होते, आणि तेव्हापासून तो वृद्ध कुटीबाहेर येईनासा झाला होता. शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, त्या वेळचा सोमिल म्हणजे तो कुटीतला वृद्ध. यूथिका म्हणजे इथे बसलेला त्याचा शिष्य. आणि सार्थवाहाचा मुलगा मीच होतो."

एवढे ऐकताच शिष्य उठला आणि उपदेश संपण्याची वाट न पाहता कडुनिंबाच्या दिशेने चालू लागला. बाकीचे भिक्षू त्याला थांबवू पाहत होते. शास्त्याने त्यांना हाताने खुणावले.

"जाऊ द्या त्याला," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या भल्याची ही जी ओढ, तिलाच मैत्री म्हणतात, आणि ती पहाटेच्या आत पोचायला हवी."